नऊ घरांचं घराणं

सोलापूरच्या नवी पेठेत सकाळी दुकानांची शटरं वर जातात, पण गिऱ्हाईक यायला अवकाश असतो. तेवढ्या वेळात पेपरची घडी गल्ल्यावर ठेवून सुडोकू भरणारा कुणीतरी भेटतोच. मीटरचा भाव, सूट, जीएसटी हे सगळं तोंडी जमवणाऱ्या या माणसाला त्याच्या आकडेमोडीचा इथे काडीचा उपयोग नाही. सुडोकूत बेरीज नाही की वजाबाकी नाही. एक ते नऊ आकड्यांच्या जागी नवग्रहांची नावं लिहिली तरी कोडं तेच राहतं. आकडे नुसत्या खुणा आहेत. खरा प्रश्न कोण कुठे बसणार, एवढाच. म्हणून सुडोकूचं कूळ शोधायला जपानात जाऊन भागत नाही. ते निघतं स्विस गणितज्ञ लेऑनहार्ड ऑयलरपर्यंत, आणि वाटेत एक मराठी आडनावही लागतं.

1782 साली छापून आलेल्या निबंधात ऑयलरने असं कोडं घातलं: सहा पलटणी, प्रत्येकीतून सहा वेगवेगळ्या हुद्द्यांचे अधिकारी, एकूण 36. त्यांना सहा बाय सहाच्या चौरसात असं उभं करा की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटण एकदाच यावी आणि प्रत्येक हुद्दाही एकदाच. ऑयलरला ते जमलं नाही. मग त्याने अंदाज बांधला की सहाला जमत नाही, तसं दहा, चौदा, अठरा यांनाही कधी जमणार नाही. 1901 मध्ये गास्तों तारी या फ्रेंच माणसाने एकेक शक्यता हाताने तपासून सहाचा निकाल लावला: ऑयलर बरोबर. दहाचा प्रश्न तसाच राहिला.

तो सोडवणाऱ्यांतलं मराठी आडनाव म्हणजे शरदचंद्र श्रीखंडे. त्यांचा जन्म 1917 चा, सागरचा. शिक्षण नागपूरला, मग अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला राजचंद्र बोस यांच्या हाताखाली डॉक्टरेट. 1959 मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी 22 बाय 22 ची अशी मांडणी करून दाखवली, अर्नेस्ट पार्कर यांनी दहाची केली, आणि तिघांनी मिळून सिद्ध केलं की दोन आणि सहा सोडले तर ऑयलरचा नकार कुठेच टिकत नाही. त्या वर्षीच्या 26 एप्रिलला ही बातमी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली. शुद्ध गणिताच्या वाट्याला असं पान क्वचितच येतं. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि 2020 मध्ये, वयाच्या 102 व्या वर्षी गेले. आपल्याकडे त्यांचं नाव सुडोकू भरणाऱ्या दहांतल्या एकालाही माहीत नसावं, याची मला खंत वाटते.

प्रत्येक खूण प्रत्येक आडव्या-उभ्या रांगेत एकदाच येते अशा चौरसांना मधल्या काळात शेतात काम मिळालं. सोलापूरच्या आसपास एकाच शेताच्या एका टोकाला बरड आणि दुसऱ्याला काळी कसदार जमीन सापडते. तिथे ज्वारीचे चार वाण ओळीने पेरले, तर उतारा वाणाचा की मातीचा, हे कळायचं कसं? इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी सुचवलेली एक तोड म्हणजे हा चौरस: प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या आणि उभ्या पट्ट्यात एकदाच पेरायचा. 1956 मध्ये बेरेन्स या जर्मन संशोधकाने आणखी एक अट घातली: शेताच्या प्रत्येक तुकड्यातही प्रत्येक वाण एकदाच. नऊ वाण आणि तीन बाय तीनचे तुकडे घेतले की झाली सुडोकूची भरलेली चौकट! वाणांच्या जागी आकडे लिहून त्यातले काही खोडून ती सोडवायला देणं तेवढं बाकी होतं.

ते केलं अमेरिकेत इंडियानातल्या हॉवर्ड गार्न्स या वयस्क वास्तुविशारदाने. 1979 मध्ये ‘डेल’च्या कोड्यांच्या मासिकात हे कोडं छापून आलं, तेही त्याच्या नावाशिवाय. 1984 मध्ये जपानच्या ‘निकोली’ या प्रकाशनसंस्थेने ते उचललं आणि माकी काजी यांनी बारसं केलं. हाँगकाँगमधले निवृत्त न्यायाधीश वेन गूल्ड यांनी कोडी तयार करणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि नोव्हेंबर 2004 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून सुडोकू जगभर सुटला. गार्न्स 1989 मध्येच वारला होता.

निदान 17 आकडे दिल्याशिवाय उत्तर एकमेव राहत नाही, हे 2012 मध्ये संगणकाने तपासून ठरलं. मात्र कोड्याचा अवघडपणा दिलेल्या आकड्यांच्या संख्येवर नसतो, पुढची पायरी किती आड दडली आहे यावर असतो. एका ओळीतल्या दोन घरांत फक्त 4 आणि 7 च बसू शकत असतील, तर कुठल्या घरात कोणता हे न कळताही बाकीच्या घरांतून दोघांना हाकलता येतं. याहून अवघड डाव: दोन आडव्या ओळींत 5 ला जागा फक्त दोनच, आणि त्या त्याच दोन उभ्या रकान्यांत, मग त्या रकान्यांतल्या इतर सगळ्या घरांतून 5 बाद.

तरीही अडलं तर? 4 धरून पुढे जायचं, गुंता झाला की परत फिरून 7 घालायचा. पट्टीचे सोडवणारे याला लबाडी म्हणतात. मला ते पटत नाही. तारीने 1901 साली एकेक शक्यता धरून आणि मोडून काढून सहाचा निकाल लावला, आणि गणितात तो सिद्धता म्हणूनच मोजला जातो.