हार्ड रॉक आणि ओहमचा आकडा

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या आपल्याकडच्या मुलांमध्ये एक मत सिद्धान्तासारखं रूढ झालं आहे. गिटारीबरोबर आलेला पिकअप कमजोर असतो. हार्ड रॉक वाजवायचा तर तो काढून 'हॉट' हमबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचा पिकअप, बसवावा. आणि हॉट कोणता, हे किलो-ओहमच्या आकड्यावरून ओळखावं. आठापेक्षा बारा चांगला, बारापेक्षा सोळा. बार्शीसारख्या गावात हे मत जास्तच घट्ट बसतं. इथे चार पिकअप लावून, ऐकून निवडायची सोय नाही. वस्तू पुण्या-मुंबईहून कुरिअरने मागवायची, आणि मागवण्याआधी समोर असतो तो फक्त आकडा. कान लावायची संधी नसेल तर माणूस आकड्याचाच आधार घेणार, यात त्याचा दोष नाही. पण हा आकडा ना आवाजाचा आहे, ना आवाजाच्या जोराचा. त्याच्या नादाने मुलांनी साठवलेले पैसे जातात आणि आवाज होता त्याहून गढूळ होतो, म्हणून हे मत मुळापासून तपासायला हवं.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. पिकअप म्हणजे चुंबकापाशी गुंडाळलेली तांब्याची केसाहून बारीक तार. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि त्या गुंडाळीत वीज उमटते. आपल्या वरातीत वाजणाऱ्या इलेक्ट्रिक बेंजोचं तत्त्वही हेच. वेढे वाढले की वीज वाढते, वेढ्यांबरोबर तारेची लांबी वाढते, लांबीबरोबर रोध, म्हणजे ओहमचा आकडा, वाढतो. म्हणून ज्याचा रोध जास्त तो पिकअप जोरदार. या तर्काला इतिहासाची साथही आहे. १९७२ साली डिमार्झिओने 'सुपर डिस्टॉर्शन' हा जास्त वेढ्यांचा, सिरॅमिक चुंबकाचा हमबकर काढला. तेव्हाच्या अॅम्पमधून डिस्टॉर्शन मिळवायला आवाज प्रचंड वाढवावा लागे. मोठा सिग्नल आत ढकलला की अॅम्प लवकर फुटायचा. त्या अॅम्पसाठी तो उपाय अचूक होता, आणि तो शोधणाऱ्याला मी पूर्ण मान देतो.

आता आकड्याकडे येऊ. तारेचा रोध लांबीवर अवलंबून असतो तसाच जाडीवरही. जुन्या पद्धतीच्या हमबकरमध्ये ४२ गेजची तार असते. त्याऐवजी ४४ गेजची बारीक तार घेऊन तेवढेच वेढे दिले, तर रोध दीडपटीच्या वर जातो. म्हणजे आठ किलो-ओहमचा पिकअप एक वेढाही न वाढवता बारा किलो-ओहमचा होतो. गावात शेतीपंपाच्या मोटारी भरणाऱ्या कारागिराला विचारा. गेज आणि वेढे न मोजता नुसत्या मीटरवरून तो मोटारीचा हॉर्सपॉवर सांगणार नाही. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांना ८ किलो-ओहम दाखवणारा पिकअप बार्शीच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी जवळपास ८.७ दाखवील. पिकअप तोच, चुंबक तोच, आवाज तोच. आठ आणि साडेआठ यांतल्या फरकासाठी ज्यांनी खरेदी बदलली, त्यांनी हवामान विकत घेतलं असं म्हणावं लागेल.

या आकड्यात चुंबक तर कुठेच येत नाही. अॅल्निको २ मवाळ, अॅल्निको ५ ठसठशीत, सिरॅमिक करकरीत, आणि प्रत्येकाचा जोर वेगळा. पण मीटर या तिघांसाठी एकच आकडा दाखवू शकतो. अॅक्टिव्ह पिकअपचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. मेटल वाजवणाऱ्यांचा आवडता ईएमजी ८१ घ्या. अशा पिकअपमधल्या गुंडाळ्या कमी वेढ्यांच्या असतात. जोर येतो तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या आतल्या प्रीअॅम्पमधून. वेढ्यांच्या हिशेबाने त्याला कमजोर म्हणावं लागलं असतं.

मग जास्त वेढ्यांनी नेमकं काय होतं? जोर थोडा वाढतो हे खरं. सिग्नल दुप्पट झाला तर फरक ६ डेसिबलचा, आणि आजच्या कोणत्याही हाय-गेन अॅम्पवर किंवा पेडलवर गेनची मूठ जराशी फिरवली की तेवढा मिळतो. पण वेढ्यांबरोबर इंडक्टन्सही वाढतो, आणि पूर्वपक्षाने विचारात घ्यायला हवी होती ती गोष्ट हीच. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एक शिखर तयार होतं. त्या शिखरापाशी आवाज उठतो आणि त्याच्या वर झपाट्याने ढासळतो. जुन्या घाटणीच्या हमबकरचा इंडक्टन्स साधारण ४.५ हेन्री धरा. केबल ६ मीटरची, मीटरमागे १०० पिकोफॅराड, आणि पिकअपची स्वतःची १०० मिळवा. शिखर येतं २,८०० हर्ट्झच्या आसपास. ८ हेन्रीचा हॉट पिकअप त्याच केबलवर लावला तर ते २,१०० हर्ट्झवर उतरतं. गिटारीच्या आवाजातला दात, पिकने तारेला केलेला आघात, याच पट्ट्यात ऐकू येतो. तो घालवून बसल्यावर मुलं म्हणतात, "आवाज जाड झालाय पण कळत नाही." कळणार कसा? आता तोच ८ हेन्रीचा पिकअप ३ मीटरच्या केबलवर लावा. शिखर पुन्हा २,८०० वर! पिकअप बदलून जे मिळवायला निघालो, ते केबल निम्मी करून मिळतं, ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटते आणि ती फार कमी लोक मुलांना सांगतात.

गणितावर विश्वास नसेल तर ज्यांनी हे संगीत घडवलं त्यांच्या गिटारी पाहा. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९७० सालचा. टोनी आयोमीच्या त्या वेळच्या गिब्सन एसजीवर हमबकर नव्हताच. एकेरी गुंडाळीचे पी-९० होते. एडी व्हॅन हेलनने १९७८च्या पहिल्या अल्बमसाठी वापरलेल्या स्वतः जुळवलेल्या गिटारीत गिब्सन ईएस-३३५मधून काढलेला जुना पीएएफ, म्हणजे गिब्सनचा सुरुवातीचा हमबकर, बसवला होता. पीएएफ साधारण साडेसात ते नऊ किलो-ओहमचे असत. एडीने तो मेणात बुडवला, कारण मोठ्या आवाजात सैल वेढे थरथरून किंचाळतात. आणि एसी/डीसीचा माल्कम यंग! हार्ड रॉकमधली सर्वांत पोलादी ऱ्हिदम गिटार त्याची. त्याने ग्रेच जेट फायरबर्डवरचे बाकीचे पिकअप काढून फक्त ब्रिजपाशी एक फिल्टरट्रॉन ठेवला. फिल्टरट्रॉनचा रोध चार-साडेचार किलो-ओहम. जाड तारा, मार्शल अॅम्प, गेन बेताचा, आणि उजवा हात. जोर ओहममध्ये असता तर माल्कमला दुसऱ्या रांगेत बसावं लागलं असतं.

बार्शीकरांना तर हे पटायला जड जाऊ नये. १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली तेव्हा एव्हरार्ड कॅलथ्रॉपने अडीच फुटी गेजवर, यार्डाला ३० पौंडांच्या हलक्या रुळांवर ती उभी केली. जड वाहतुकीला जड रूळच हवेत, हा तेव्हाचा समज. त्याने दर आसावरचा भार ५ टनांपेक्षा जास्त होऊ दिला नाही, इंजिनाचं वजन जास्त चाकांवर वाटलं, आणि हलक्या रुळांवरून खरोखरीचा माल वाहून दाखवला. एक भाग जाड करण्याऐवजी भार कुठून कुठे जातो हे त्याने पाहिलं. गिटार, केबल, पेडल, अॅम्प, स्पीकर या साखळीला हीच दृष्टी लागते.

आपल्याकडे ही साखळी बहुधा कशी असते? गॅदरिंगला किंवा ऑर्केस्ट्रात गिटार मल्टी-इफेक्टमधून सरळ मिक्सरला जाते. डिजिटल इनपुटला सिग्नलची मर्यादा असते. हॉट पिकअपचा आघात ती ओलांडून गेला तर तिथे जे फुटतं ते ट्यूबसारखं गोड नसतं, कर्कश असतं. म्हणजे ज्या अॅम्पसाठी १९७२ साली तो पिकअप जन्मला तो अॅम्प इथे नाहीच, आणि जे यंत्र आहे त्याला तो सोसत नाही.

गुणगुणीचंही असंच. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ साली हमबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९५७पासून तो गिटारींवर आला, १९५९ला पेटंट मिळालं. दोन गुंडाळ्या, वेढ्यांची दिशा उलट आणि चुंबकाचा ध्रुवही उलट. त्यामुळे बाहेरून येणारी विजेची गुणगुण एकमेकींना मारते आणि तारेचा आवाज मात्र जुळून येतो. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर हे वरदानच आहे. पण मांडवात अर्थिंग नसल्यामुळे येणारी घरघर कोणताही हमबकर थांबवत नाही. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन तोडून वाजवणारे मी पाहिले आहेत. गिटारीच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात; एक हात तारेवर आणि ओठ माइकला, अशा वेळी जीव जाऊ शकतो. पिकअपच्या आधी अर्थिंगवर खर्च करा, हे मी कळकळीने सांगतो.

मग पिकअप बदलूच नये का? जरूर बदलावा, पण क्रम उलटा ठेवून. प्रथम स्क्रूड्रायव्हर घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप बारीक तारेखाली सुमारे २ मिलिमीटर आणि जाड तारेखाली त्याहून किंचित लांब ठेवा, मग थोडा वर-खाली करून ऐका. नंतर व्हॉल्यूमचा पॉट तपासा. हमबकरला ५०० किलो-ओहमचा हवा. २५० चा असेल तर वरचे स्वर तिथेच दबतात, आणि तो बदलणं नव्या पिकअपपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. मग केबल. एवढं झाल्यावर काय कमी पडतंय ते शब्दांत सांगता आलं पाहिजे. आवाज गढूळ असेल तर अॅल्निको ५ चा, ४२ गेजचा, आठ-नऊ किलो-ओहमचा जुन्या घाटणीचा हमबकर ब्रिजला घ्या. गेज आणि चुंबक कळल्यावर त्या आकड्याला अर्थ येतो. आवाज पातळ आणि टोचरा असेल, अॅम्पही तसाच असेल, तर जास्त वेढ्यांचा पिकअप खरोखर उपयोगी पडतो. त्याचं शिखर खाली असतं आणि तेच तिथे हवं असतं. मागवण्यापूर्वी ब्रिजवरच्या पहिल्या आणि सहाव्या तारेतलं अंतर पट्टीने मोजा: ५० मिलिमीटरच्या आसपास असेल तर गिब्सन अंतराचा पिकअप, ५३ च्या आसपास असेल तर रुंद अंतराचा. आणि विक्रेत्याला रोध विचारण्याआधी इंडक्टन्स विचारा.