उन्हाळ्यातली लायब्ररी, दिवाळीतलं वाचनालय

जूनमध्ये शाळा सुटल्या की इथल्या जवळपास प्रत्येक गावच्या पब्लिक लायब्ररीत समर रीडिंगचा फलक लागतो. मुलांनी नाव नोंदवायचं, काय वाचलं ते लिहून ठेवायचं आणि ऑगस्टपर्यंत एखादं छोटं बक्षीस मिळवायचं. तुम्हीही मुलांना गाडीतून तिथे सोडत असाल. ही पद्धत आली कुठून, आणि तिचं आपल्या मराठी वाचनालयांशी काय नातं आहे, ते आज पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतल्या बऱ्याच ग्रंथालयांत लहान मुलांना आतच घेत नसत. क्लीव्हलंडच्या ग्रंथालयाने १८९७ मध्ये मुलांची ‘लायब्ररी लीग’ काढली. पुस्तक स्वच्छ हातांनी घ्यायचं, जपून वापरायचं, आणि ही शिस्त पाळणारा प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी लीगची सभासद. ग्रंथपाल लिंडा ईस्टमन यांचा या कामात मोठा वाटा होता. आजच्या समर रीडिंगची मुळं त्याच काळातल्या अशा प्रयत्नांत आहेत.

पुढे अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून देशभर १,६७९ ग्रंथालय इमारती उभ्या राहिल्या, त्यातल्या पुष्कळशा छोट्या गावांत. अट सरळ होती. जागा गावाने द्यायची, आणि देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी गावानेच ग्रंथालय चालवायला खर्चायची. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर भांडवल एकाचं आणि चालू खर्च दुसऱ्याचा. त्यामुळे लायब्ररी गावाची झाली.

ही सगळी व्यवस्था एका मराठी माणसाच्या नजरेत भरली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेले बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड १९०६ मध्ये अमेरिकेत येऊन गेले होते. १९१० मध्ये त्यांनी कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचे ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्याला बोलावलं. बॉर्डन तिथे तीन वर्षं राहिले. गावाने काही रक्कम जमवली, की तेवढीच प्रांत पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, असा नियम झाला. जिथे वाचनालय नव्हतं, तिथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरू लागल्या.

बाकी मराठी मुलखात वाचनालयं बहुधा वर्गणीवर चालत. रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं १८४० चं. गावातली चार जाणती माणसं एकत्र यायची, वर्गणी काढायची आणि वर्तमानपत्रं मागवायची. १९०९ मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि हळूहळू या वाचनालयांना त्यांचा स्वतःचा हंगाम मिळाला. तुमच्यापैकी अनेकांना तो आठवत असेल. दिवाळी अंक योजनेसाठी थोडी जादा रक्कम भरायची, आणि पुढचे दोन-तीन महिने एक अंक परत करून दुसरा घरी न्यायचा. घरात दोन-तीन अंक विकत घेणंही जड असायचं, तिथे वाचनालयामुळे पन्नास अंक हाताखालून जायचे. हवा असलेला अंक शेजारच्या काकूंकडे गेलेला असला, की गाठ थेट काकूंशी!

आता इथलं बघा. ज्या पुस्तकाला वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, ते कपाटातून काढून टाकायची रीत इथल्या लायब्रऱ्यांत आहे. त्यात दुष्टावा नाही, जागा मोजकी असते. पण आपण हौसेने भेट दिलेली मराठी पुस्तकं अशीच एक दिवस विक्रीच्या टेबलावर पोहोचतात. कपाटात मराठी राहायची असेल, तर ती घरी नेली गेली पाहिजे, आणि ते काम आपल्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही.

पुस्तकांचा तुटवडा आहे म्हणावं, तर तसंही नाही. अमेरिकेने भारताला विकलेल्या गव्हाच्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी झाली आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये व अनेक विद्यापीठांत आली. त्यात मराठीही आहे. यातली विद्यापीठांकडची बरीच पुस्तकं तुमच्या गावची लायब्ररी तुमच्यासाठी मागवू शकते.

तर या आठवड्यात एवढं करा. मुलांच्या समर रीडिंगच्या यादीत मराठी पुस्तक चालेल का, ते काउंटरवर विचारा; बहुतेक ठिकाणी चालतं. एक मराठी पुस्तक खरेदीसाठी सुचवा, आणि आलं की आठवणीने घरी न्या. आणि मंडळातल्या चार घरांनी मिळून दिवाळी अंक मागवायचे असतील, तर आत्ताच ठरवा. पोस्टाला वेळ लागतो आणि दिवाळी काही थांबत नाही. पुन्हा भेटू पुढच्या भागात. नमस्कार.