खर्जाची वाटणी

सिनेमाचा आवाज कानांनी ऐकायचा असतो, अशी आपली साधी समजूत. नोव्हेंबर १९७४मध्ये अमेरिकेत 'अर्थक्वेक' झळकला आणि ती मोडली. युनिव्हर्सल कंपनीने त्यासाठी 'सेन्सराउंड' ही व्यवस्था आणली होती. पडद्यावर भूकंप सुरू झाला, की थिएटरात जागोजागी ठेवलेले सेर्विन-व्हेगा कंपनीचे अवाढव्य स्पीकर इतका खालचा खर्ज लावीत, की तो ऐकू येण्याआधी छातीत आणि खुर्चीत जाणवे. हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरात तर छताचा गिलावा डोक्यांवर पडू नये म्हणून जाळी बांधली होती. शेजारच्या पडद्यावर 'गॉडफादर'चा दुसरा भाग पाहणाऱ्यांनाही हादरे बसत, असे सांगतात.

तिथे जास्त स्पीकर म्हणजे जास्त दणका, एवढाच हिशेब होता. आपल्याकडच्या मिरवणुकांतल्या स्पीकरच्या भिंती आजही त्याच हिशेबाने रचतात. मला तो हिशेब कधीच पटला नाही.

१९९२मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरांत आले. पुढे डीव्हीडीबरोबर ते '५.१' होऊन घरोघर पोचले. त्यातला 'पॉइंट वन' म्हणजे खास खर्जाची वाट. घरात त्यासाठी एक सबवूफर येऊन बसला, बहुधा टीव्हीशेजारच्या कोपऱ्यात. आणि भांडण सुरू झाले. मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसलेली आजी म्हणते, डोके दुखते. मधल्या सोफ्यावरचा नातू म्हणतो, आवाजच नाही.

दोघांचेही खरे असते. खोली पाच मीटर लांब असेल, तर सेकंदाला सुमारे ३४ कंपनांचा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकतो. भिंतींपाशी तो फुगतो, मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. दोष डब्याचा नाही, खोलीचा आहे.

अमेरिकेतल्या हार्मन कंपनीचे टॉड वेल्टी यांनी २००२मध्ये नेमका हाच प्रश्न घेतला: किती सबवूफर पुरेत? चौकोनी खोलीत चार भिंतींच्या मध्यांवर चार ठेवले तर उत्तम, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यांवर दोन ठेवले तरी बरेच साधते, आणि चाराच्या पुढे फारसा लाभ नाही, असे त्यांना आढळले. एक डबा ती अडकलेली लाट उचलू लागतो, त्याच क्षणी समोरचा तिला दाबतो. म्हणजे दुसरा डबा आवाज वाढवायला नव्हे, वाटून द्यायला. सेन्सराउंडनंतर अठ्ठावीस वर्षांनी हिशेब असा उलटला, ही मला या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

जोडणी सोपी आहे. रिसीव्हरला सबवूफरची एकच जागा असेल, तर एकाच्या दोन होणारी, इंग्रजी वाय आकाराची वायर लावायची. शक्यतो दोन्ही डबे एकाच जातीचे घ्यावेत. दोघांचा आवाज सारखा ठेवावा, फेजची कळही एकाच बाजूला. मग खर्जाचा एकच स्वर चालू ठेवून खोलीतल्या प्रत्येक जागी बसून पाहायचे. आधी आजीच्या खुर्चीत.