पाव गाय आणि सात घनफूट

मागच्या महिन्यात मी पाव गाय विकत घेतली. वाक्य वाचून दचकला असाल तर हरकत नाही, फोनवर आईसुद्धा दचकली होती. खरं म्हणजे ती गाय नव्हतीच, खच्ची केलेला गोऱ्हा होता. पण इथे मिनेसोटात सगळे "पाव गाय", "अर्धी गाय" असंच म्हणतात, मग मीही म्हणतो.

तर झालं असं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीचा शेतकरी दरवर्षी थंडीच्या तोंडावर चार-पाच जनावरं काढतो. चौघांनी मिळून एक घ्यायचं, त्याने ते खाटीकखान्यात पोचवायचं, तिथे दहा-बारा दिवस थंडीत टांगून ठेवून मग तुकडे करून, कागदात गुंडाळून, गोठवून चौघांच्या हाती द्यायचं. दुकानापेक्षा स्वस्त पडतं. मी हो म्हणून बसलो आणि विकांताला कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला लागलो, कारण घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात आधीच मटार, खोवलेला नारळ आणि आईने पाठवलेला येसर कोंबलेला.

हिशेब असा. जिवंत जनावर १२०० पौंडाचं. सोलून, आतडी काढून टांगलं की साधारण ७४० पौंड. हाडं, चरबी आणि उडालेलं पाणी वजा जाता पाकिटबंद माल ४५० ते ४८०. त्याचा पाव हिस्सा ११० ते १२० पौंड, म्हणजे आपले पन्नास-पंचावन्न किलो. एका घनफुटात ३५ ते ४० पौंड मांस मावतं, म्हणजे तीन-साडेतीन घनफूट पुरे. पण वेड्यावाकड्या पाकिटांमध्ये हवा राहते आणि मटारांनाही जागा लागते, म्हणून सात घनफुटांची पेटी घेतली. उणे १८ अंशांवर ठेवायचं. खिमा तीन-चार महिन्यांत संपवायचा, मोठे तुकडे वर्षभर चालतात. वीज गेली तर झाकण उघडायचं नाही, भरलेली पेटी दोन दिवस तग धरते आणि अर्धी भरलेली एकच दिवस. मांस गोठूनच आलं म्हणून बरं, नाहीतर एवढ्या पेटीत एका दिवसात वीस पौंडांच्या वर ताजं मांस घालू नये, आतपर्यंत वेळेत गोठत नाही.

(धंद्यातली एक गंमत. वरून उघडणारी पेटी म्हणजे स्टॅक असते, शेवटी टाकलेलं पहिलं हाती येतं. मांसाला हवी क्यू, जुनं आधी संपलं पाहिजे. म्हणून खिमा, रश्शाचे तुकडे आणि हाडं वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत भरून उभ्या लावल्या आणि झाकणावर यादी चिकटवली. तीस वर्षांच्या नोकरीतलं ज्ञान इथे कामी आलं. असो.)

हे सगळं मी हौसेने आईला सांगत होतो. आई सेलूला असते. परभणीचं सेलू नव्हे, वर्धा जिल्ह्यातलं, नागपूर-वर्धा रस्त्यावरचं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "एवढं कोण खाईन रे बाप्पा?" मी म्हटलं, वर्षभर पुरेल. तर म्हणाली, "बुढीनं जे सोडलं ते तू विकत घेतलं म्हन."

बुढी म्हणजे माझी आजी, बाबांची आई. १४ ऑक्टोबर १९५६ ला दसऱ्याच्या दिवशी नागपूरला दीक्षाभूमीवर जी लाखो माणसं जमली त्यात ती होती. सेलूकडून साठेक किलोमीटर, बैलगाडीनं गेली. त्याच्याही आधीपासून घरात मेलेल्या जनावराचं मांस बंद झालं होतं, पण दोरीवर वाळत घातलेल्या पट्ट्या तिने लहानपणी पाहिल्या होत्या आणि त्याबद्दल ती कधी बोलायची नाही. आम्ही विचारलं की विषय बदलायची.

आईचं वाक्य डोक्यात राहिलं आणि पुढचे दोन विकांत त्यातच गेले. कारण माझा हिशेब आणि तिच्या घरातल्या त्या दोरीचा हिशेब मुळात एकच आहे. मोठं जनावर एकदम हाती येतं आणि माणूस दिवसाला पाव किलो खातो. मधल्या दिवसांचं काय करायचं? मी त्याचं उत्तर विजेवर शोधलं, त्यांनी उन्हावर.

गावात मेलेलं ढोर ओढून नेणं हे महारांचं काम ठरवून दिलेलं होतं. त्याचं मांस हे कामाचं मोल, वस्तीत त्याचे वाटे पडायचे. वर्धा-नागपूरकडचे बरेच महार जाडंभरडं कापडही विणायचे, त्यामुळे सगळ्यांचंच पोट यावर होतं असं नाही. पण ढोर ओढायला नकार देण्याची मुभा विणकरालाही नव्हती. आमच्याकडचं गवळाऊ जनावर इथल्या जनावरापुढे लहान. त्यात चाऱ्यावाचून मेलेलं. तरी एकदम ऐंशी-शंभर किलो मांस म्हणजे दहा-बारा घरांनाही एका दिवसात न संपणारं. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, सकाळचं मांस रात्री टिकत नाही. म्हणून बोटाएवढ्या जाडीच्या लांब पट्ट्या कापायच्या, दोरीवर नाहीतर छपरावर टाकायच्या, वाळून कडकडीत झाल्या की मडक्यात भरून तोंड बांधायचं. मराठवाड्यात आणि नगरकडे त्याला चान्या म्हणतात. हा शब्द मला घरात नव्हे, पुस्तकांत भेटला. शाहू पाटोळ्यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) मध्ये या सगळ्या स्वयंपाकाची नीट नोंद आहे, आणि दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) तर तुम्ही वाचलंच असेल.

इंजिनियर म्हणून सांगतो, ही साठवण माझ्या पेटीपेक्षा सरस आहे. मांसात सत्तर टक्क्यांच्या वर पाणी असतं. ते गेलं की पन्नास किलोचे पंधरा-सोळा किलो उरतात आणि जंतूंना वाढायला ओल मिळत नाही. वीज लागत नाही, घनफूट लागत नाहीत, एक मडकं पुरतं.

पण एक अडचण होती आणि ती कुठल्याही युक्तीने सुटत नव्हती. मी तारीख ठरवून जनावर घेतो. तिथे तारीख जनावर ठरवायचं. ढोरं मरायची ती उन्हाळ्याच्या शेवटी चारा संपल्यावर, आणि पाऊस पडला की साथीत. उन्हाळ्यातलं वाळायचं. पावसाळ्यात दोरीवर टाकलेलं सडायचं, तेव्हा चुलीच्या धुरावर धरायचं नाहीतर दोन दिवसांत खाऊन मोकळं व्हायचं. आणि साथ कसली? बुळकांडी असली तर माणसाला धोका नव्हता, तो रोग जनावरांचाच (जगातून तो २०११ मध्ये नाहीसा झाल्याचं जाहीर झालं). फाशी असली, म्हणजे अँथ्रॅक्स, तर कापणाऱ्याच्या हातावर काळी पुळी उठायची. तिचे बीजाणू उन्हात वाळवून मरत नाहीत. वरून दिसायला सारखंच मांस. कोणतं घ्यायचं हे निवडायची सोय नव्हती.

शिवाय दोरी सगळ्या गावाला दिसायची. वाळवण अंगणातच घालावं लागतं. पापड-कुरडया घातल्या की सुगरणपण, आणि या पट्ट्या घातल्या की वस्तीची ओळख. मला वाटतं बुढीच्या गप्प बसण्यात चवीपेक्षा ही दोरीच जास्त होती.

मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. ऐकायला सोपं वाटतं, पण सोडायचं ते नुसतं मांस नव्हतं, ढोर ओढणंही होतं, आणि त्यापायी ठिकठिकाणी बहिष्कार आणि मारहाण झाली. घरातली वर्षाची बेगमी एका शब्दावर सोडून देणं, तेही दुसरी बेगमी हाताशी नसताना! माझ्या सात घनफुटांकडे बघून मला हे जरा जास्तच कळलं.

गंमत बघा, याच सुमाराला आमच्याच जिल्ह्यात मेलेल्या जनावराचा दुसरा विचार चालला होता. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले, १९३६ मध्ये सेवाग्रामला. वर्ध्याजवळ नालवाडीला वाळुंजकरांचं चर्मालय उभं राहिलं. मेलेल्या गाईचं कातडं नीट कमवा, हाडामांसाचं खत करा, काही वाया घालवू नका, हे काम हीन नाही. जमनालाल बजाजांनी १९४१ मध्ये गोसेवा संघ काढला. हेतूबद्दल शंका नाही. पण काम हीन नाही म्हणताना ते काम कुणी करायचं हा प्रश्न बाजूलाच राहतो, आणि बुढीने तोच प्रश्न निकालात काढला होता.

पुढे सेलूहून वर्ध्याला जाताना लागणाऱ्या पवनारला विनोबांनी गोवधबंदीसाठी एप्रिल १९७९ मध्ये उपोषण केलं. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदीचा कायदा १९७६ चा. बैल आणि वळू त्यात मार्च २०१५ मध्ये आले. त्या दुरुस्तीत नुसतं बाळगण्यालाही शिक्षा होती, म्हणजे प्रश्न घरातल्या फ्रीजपर्यंत पोचला. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून कायदेशीर आणलेलं मांस घरात ठेवणं गुन्हा मानता येणार नाही म्हणाले, खासगीपणाच्या हक्कावर बोट ठेवून. मधल्या सप्टेंबरात उत्तर प्रदेशात दादरीजवळ एका माणसाला जमावाने मारून टाकलं होतं आणि त्याच्या घरातलं मांस तपासणीला गेलं होतं. म्हणजे दोरीवर असो की फ्रीजमध्ये, बघणारा बघतोच.

आईला मी परत फोन केला. म्हटलं, बुढीनं मेलेलं सोडलं होतं, मांस नाही. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) मध्ये अख्खा मुद्दा मेलेल्या गाईच्या मांसाभोवतीच मांडलाय. बाबा बाजाराच्या दिवशी बड्याचं आणायचे ते तू रांधायचीसच की. मी हे पैसे मोजून, डॉक्टरने तपासलेलं, माझ्या मर्जीने घेतलंय.

"ते समजलं मले," आई म्हणाली. "पन बड्याचं तुझा बाप किलोभर आनत होता. रातच्याले खतम. उद्याले घरात काही नाही. साठवून ठेवाचं म्हटलं का मले बुढीच दिसते."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आईच्या घरी फ्रीज आला तोही उशिरा, आणि २००५ नंतरच्या भारनियमनात तो कपाटासारखाच वापरला जायचा.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "कुलूप हाय का त्या पेटीले?"

आहे म्हटलं. सोबत दोन किल्ल्या आल्यात.

परवाच्या रविवारी मी त्यातला किलोभर तुकडा काढून पट्ट्या कापल्या. बाहेर उणे सहा, ऊन कुठलं, म्हणून भट्टीत सगळ्यात कमी आचेवर दार किलकिलं ठेवून सात तास. आईला विचारलं होतं किती जाड कापू. तिला माहीत नव्हतं, बुढीने तिला कधी शिकवलंच नाही. मी बोटाएवढ्या कापल्या. वरून कडक झाल्या आणि आतून ओल्याच राहिल्या. पुढच्या वेळी अर्ध्या जाडीच्या कापून बघणार आहे. तोपर्यंत त्या परत पेटीत टाकल्यात, उजव्या पिशवीत, हाडांच्या वर.