८ एमएम केएफ : तीनशे पंधराची कुळकथा

रायपूरच्या हिंदी वर्तमानपत्रांत ‘३१५ बोर का देसी कट्टा’ हे बारमाही पीक आहे. कट्ट्याबरोबर काडतुसं सापडतात, आणि पंचनाम्यात पोलीस काडतुसाच्या बुडावरची अक्षरं इमानेइतबारे उतरवून घेतात : ८ एमएम केएफ. पंचनामा रायपूरचा असो, भिंडचा असो की आझमगडचा, अक्षरं तीच. बंदूक इंचांत मोजलेली आणि काडतूस मिलिमीटरमध्ये, हे कसं?

हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो काकांमुळे. बूढापाऱ्यात, सप्रे शाळेपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. आजोबांचा परवाना रीतसर त्यांच्या नावावर झालेला, पण आजोबांची दुनळी कधीच निकामी झालेली. ‘नवी नको रे, जुनी बघू. जुन्या लोखंडात दम असतो,’ असं म्हणून ते जुन्या बोल्टवाल्या रायफलच्या शोधाला लागले आणि मी त्यांच्या मागोमाग.

बोल्टचा इतिहास पुस्तकांतून मिळतो, म्हणून चटकन उरकतो. ठासणीची बंदूक, जिला छत्तीसगडात भरमार म्हणतात, ती तोंडाकडून भरायची. ड्रायझे नावाच्या प्रशियन कारागिराने नळीच्या मागच्या बाजूला दाराच्या कडीसारखा सरकता दांडा बसवला. प्रशियाच्या सैन्याने ती बंदूक १८४१ मध्ये स्वीकारली. १८८६ मध्ये फ्रेंचांनी बिनधुराची दारू आणली आणि अकरा मिलिमीटरच्या आसपास असलेली लष्करी नळी एकदम आठवर उतरली. त्या काळात लहान नळी म्हणजे हीच. आज लहान नळी म्हटलं की .२२ डोळ्यांपुढे येते, पण ती वेगळ्या कुळातली. फ्लोबेर नावाच्या फ्रेंच माणसाने १८४५ च्या सुमारास दिवाणखान्यात नेमबाजी खेळता यावी म्हणून ठिणगीच्या टोपीवरच बारीक गोळी बसवली, त्यातून ती आली. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ मिळवलं ते तिच्याच वंशजावर. तिला नमस्कार करून पुढे जाऊ.

आधी केएफ. काकांच्या मते ‘के’ म्हणजे खमरिया. जबलपूर इथून जवळ, तिथे दारूगोळ्याचा मोठा कारखाना, मग शंका ती कसली? दुकानदाराचं मत कानपूर. दोघांनाही माझं उत्तर एकच होतं. खमरियाचा कारखाना उभा राहिला दुसऱ्या महायुद्धात, कानपूरचा लहान शस्त्रांचा कारखानाही त्याच युद्धातला. आणि केएफ ही अक्षरं पहिल्या महायुद्धातल्या .३०३ च्या काडतुसांवर आहेत. बारसं जन्माआधी होत नाही. ‘के’ म्हणजे किर्की, इंग्रजांच्या तोंडातली आपली पुण्याची खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. ५ नोव्हेंबर १८१७ ला बाजीरावाच्या फौजेने ज्या खडकीच्या माळावर कंपनीशी लढाई घेतली आणि घालवली, त्याच गावाचं आद्याक्षर आज पूर्वांचलातले हवालदार पंचनाम्यात लिहितात. ‘म्हणजे आपलंच की रे!’ काका खूश झाले. कट्ट्यातून निघालेल्या काडतुसाबद्दल इतकं खूश व्हावं का, हे मी विचारलं नाही.

आता आठ मिलिमीटर. .३१५ ला २५.४ ने गुणलं की ८.००१ येतात, म्हणजे माप एकच. पण इंग्रजी अमलाखालच्या कारखान्यांची भाषा इंचांची होती. .३०३ ला कुणी ७.७ मिलिमीटर म्हणत नसे. मग या एकाच काडतुसावर मिलिमीटर का? माझ्या मते ते त्याच्या माहेरची खूण आहे. युरोपात तेव्हा आठच्या घरातली तीन मोठी नावं होती : फ्रेंचांचं लेबेल, जर्मनांचं माउझर आणि ऑस्ट्रियाचं मॅनलिखर. आपलं तीनशे पंधरा यातलं कुठलं, याचा निकाल काडतूस हातात घेतल्यावर लागतो. पितळी नळकांडं पन्नास मिलिमीटरचं, बुडाला बाहेर आलेली कड, आणि गोळीचं वजन २४४ ग्रेन. २४४ ग्रेन म्हणजे १५.८ ग्रॅम, ऑस्ट्रियाच्या लष्करी गोळीचं वजन. शिकारीसाठी गोळीचं नाक मऊ केलं, वजनाला हात लावला नाही.

फर्डिनांड मॅनलिखर हा मूळचा रेल्वेचा इंजिनियर. त्याच्या १८८८ आणि १८९५ च्या रायफलींचं वैशिष्ट्य असं, की बोल्टचा दांडा फिरवायचाच नाही. सरळ मागे ओढायचा, सरळ पुढे ढकलायचा. गंमत अशी, की भारतात त्याचं काडतूस आलं, बोल्ट आला नाही. तीनशे पंधराचा बोल्ट आहे जेम्स पॅरिस ली याचा : स्कॉटलंडात जन्मलेला, कॅनडात वाढलेला, १८७९ मध्ये पेटीसारख्या मॅगझिनचं पेटंट घेतलेला. हाच ली पुढे ली-एनफिल्ड .३०३ च्या नावात अमर झाला. एकाचं काडतूस दुसऱ्याच्या बोल्टपुढे भारतासाठी जोडलं गेलं. मॅनलिखर गेला जानेवारी १९०४ मध्ये, ली फेब्रुवारीत. आणि पुढे या जोडीला घर देणारा इशापूरचा रायफल कारखाना, तोही १९०४ चाच. माझा पत्रिकेवर विश्वास असता तर एवढ्यावरच एक लेख लिहिला असता.

पण जोडलं कुणी आणि कशासाठी? दुकानांतून ऐकू येणारी पहिली कथा सत्तावनच्या धसक्याची : बंडानंतर इंग्रजांनी लष्करी नळी लोकांच्या हाती द्यायची नाही असं ठरवलं. सत्तावनचा धसका खराच होता, त्यातूनच १८७८ चा शस्त्र कायदा आला, पण .३०३ चा जन्मच १८८८ चा. या बंदीमागची काळजी वेगळी होती. सैन्याची काडतुसं चोरीला जाऊन वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे पोचत होती. बाजारातल्या बंदुकीत सैन्याचं काडतूस बसतच नसेल तर चोरीच्या मालाला गिऱ्हाईक कमी. हीच युक्ती १९०७ च्या सुमारास .४५० च्या बाबतीत झाली आणि विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी .४६५, .४७० अशी शेजारची मापं काढून हत्ती-गव्यांची शिकार चालू ठेवली.

दुसरी कथा लुटीची. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या रायफली हाती लागल्या, त्यांची काडतुसं इकडे लोटली, म्हणून आठ मिलिमीटर. ऐकायला झकास, पण विसावं शतक उजाडता उजाडताच हे काडतूस हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांच्या ओळखीचं झालं होतं. युद्ध त्यानंतरचं. शिवाय लूट आली असती तर रायफलीही आल्या असत्या, आणि मॅनलिखरचा सरळ ओढायचा बोल्ट खेड्यापाड्यांत दिसला असता. दिसतो तो लीचा.

माझी कथा बुडाच्या कडेची. तीनशे पंधराच्या रायफली बनवणाऱ्या बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याला लीचा बोल्ट आणि मॅगझिन बदलायचं नव्हतं. यंत्रं त्याच मापाला बसवलेली. लीची सगळी रचना कडवाल्या काडतुसाभोवती. मग पर्याय मोजा. माउझरला बाहेर येणारी कड नाही, बाद. लेबेलला कड आहे, पण ते बुडाशी इतकं जाडं आणि पुढे इतकं निमुळतं की सरळ पेटीत एकावर एक नीट बसत नाही, बाद. मॅनलिखरचं काडतूस कडवालं, लांबी .३०३ च्या जवळपास, आणि आकार असा वेगळा की त्याच्या बंदुकीत लष्करी काडतूस बसणार नाही. सरकारला हवी ती अडचण आणि कारखान्याला हवी ती सोय, दोन्ही त्यात होती. ‘मग रशियाचं का नाही? त्यालाही कड असते,’ असं काकांनी विचारलं तेव्हा मी जरा अडखळलो, पण उत्तर आहे : सरहद्दीवर इंग्रजांना ज्याची भीती होती तो रशियाच. त्याचं काडतूस हिंदुस्थानात कोण विकू देईल? हा माझा अंदाज आहे, आणि मी तो सोडणार नाही.

ऑस्ट्रियाने स्वतः १९३० मध्ये हे काडतूस टाकून ५६ मिलिमीटरचं लांब काडतूस घेतलं. माहेरी हे असं बेदखल झालं आणि खडकीत त्याचा संसार चालू राहिला. स्वातंत्र्यानंतरही .३०३ निषिद्ध नळीच राहिली आणि .३१५ परवान्यावर मिळत राहिली. त्यामुळे वर्षानुवर्षं चित्र असं, की शिपायाच्या खांद्यावर .३०३, पाटलाच्या घरी .३१५, आणि दोन्हींचा बोल्ट सख्खा. उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ ला निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० ला.

‘३१५ बोर’ हा शब्दप्रयोग मात्र हास्यास्पद आहे. बारा बोर म्हणजे एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा व्यास. त्या हिशोबाने ३१५ बोरची नळी सव्वासहा मिलिमीटरची भरेल.

आता काकांची खरेदी. परदेशी बंदुकांची आयात ऐंशीच्या दशकात बंद झाली, त्यामुळे जुना माल परवानाधारकांमध्येच फिरतो. पण शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावरच्या बंदुका तीनांवरून दोनांवर आल्या आणि अनेक घरांतली तिसरी बंदूक दुकानांत आली. आम्हाला दोन दिसल्या. एक बीएसएची, लोखंडावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींचा छाप, अक्रोडी दस्ता, हात फिरवला की सोडवत नाही. दुसरी इशापूरची, आरएफआयच्या छापाची, अगदी सरकारी तोंडवळ्याची.

दुकानदाराने बीएसएचा बोल्ट काढून दिला आणि नळी उजेडाकडे धरली. तोंडाकडून पाहिलं तर आटे झकास. मागून पाहिलं तेव्हा खरं कळलं : काडतूस जिथे बसतं त्याच्या पुढचे चार बोटं आटे देवीच्या व्रणांसारखे खाल्लेले. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या क्लोरेटचा क्षार नळीत उरतो, हवेतली ओल ओढतो आणि एका पावसाळ्यात नळीचा घास घेतो. गरम पाण्याने धुवायची ती कुणी धुतलीच नव्हती, नुसतं तेल पुसत राहिले. तेलात क्षार विरघळत नाही. आणखी एक : लीच्या बोल्टच्या दांड्यामागे क्रमांक असतो, तो अंगावरच्या क्रमांकाशी जुळायला हवा, कारण बोल्टची पकड त्या एका अंगासाठी घासून बसवलेली असते. इथे जुळत नव्हता. दुसऱ्याचा बोल्ट घातलेली रायफल भिंतीवर शोभते, खांद्याला लावायची नाही. इशापूरचीचे क्रमांक जुळले आणि नळीही मागून पुढून सारखी निघाली.

काकांनी इशापूरची घेतली. तरी निघताना दुकानदाराला सांगून आलेच, की बीएसएचा जुळणारा बोल्ट कुठे मिळाला तर कळवा.

‘काका, बोल्ट मिळेलही, नळी कुठून आणाल?’ मी म्हणालो.

‘ते बघू. कायद्याने दोन ठेवता येतात ना?’