टीडीएस मीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही : पर्यावरण क्षेत्रातल्या करिअरची ओळख

दिवाळीच्या सुट्टीनंतर इचलकरंजीच्या एका शाळेत नववीच्या मुलांना ‘पर्यावरण आणि टेक्नॉलॉजी’ यावर बोलायला गेलो होतो. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे स्लाइड्सऐवजी दोन ग्लास पाणी, मीठ, साखर आणि पेनासारखा टीडीएस मीटर घेऊन गेलो.

एका ग्लासात मीठ टाकलं, आकडा हजाराच्या वर गेला. दुसऱ्यात तेवढीच साखर टाकली, आकडा जागचा हलला नाही. वर्गात एकदम गोंधळ. कारण घरी आरओ विकायला येणारा माणूस याच मीटरवर पाणी ‘शुद्ध’ की ‘अशुद्ध’ ते ठरवतो!

हा मीटर खरं तर पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. मिठाचे आयन होतात, साखरेचे होत नाहीत. जंतूही त्याला दिसत नाहीत.

पण तीच साखर नदीत गेली तर? जिवाणू ती खातात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. आपल्याकडच्या तापमानाला स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. तो संपला की मासे मरतात. ही ऑक्सिजनची मागणी म्हणजे बीओडी. भारतात ती नमुना २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवून मोजतात. प्रक्रिया केलेलं सांडपाणी नदी-नाल्यात सोडायचं असेल तर बीओडीची सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. तीन दिवस थांबायला वेळ नसेल तर सीओडी करतात. त्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि आम्ल घालून नमुना दोन तास उकळतात.

एवढं झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “दादा, माझे बाबा प्रोसेसमध्ये आहेत. पाणी खराब निघालं तर प्रोसेस बंद पडणार का?”

मी जरा अडखळलो. ‘नाही, असं काही होत नाही’ म्हणणं सोपं होतं, पण ते खोटं ठरलं असतं. तमिळनाडूत तिरुपूरला 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने डाईंग युनिट्स बंद झाली होती. तिथलं मुख्य दुखणं मीठच होतं. सुती कापडावर रिअॅक्टिव्ह रंग बसवायला भरपूर मीठ लागतं. जिवाणूंच्या टाकीत बीओडी उतरतो, मीठ मात्र तसंच पुढे जातं. ते काढायला आरओ आणि बाष्पीभवन लागतं, आणि त्याचा वीज-वाफेचा खर्च मालकाला घाम फोडतो. तिरुपूरची युनिट्स पुन्हा सुरू झाली ती पाणी आणि मीठ परत वापरायच्या अशा यंत्रणा बसवूनच. म्हणजे इथे मात्र आपला तो गरीब टीडीएस मीटर कामाचा ठरतो.

मी तिला हे सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं, की प्रोसेस चालू ठेवणाऱ्यांत मालक आणि कामगारांइतकाच ईटीपी सांभाळणारा माणूस असतो.

तो माणूस व्हायचं कसं? दहावीनंतर आयटीआयला केमिकल प्लांटचे अटेंडंट ऑपरेटर आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे ट्रेड आहेत. पंप, डोसिंग, पीएच मीटरचं कॅलिब्रेशन, ही रोजची कामं. बीएस्सी केमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी केलं तर लॅबमध्ये वर सांगितलेल्या चाचण्या. डिझाइन करायचं असेल तर सिव्हिल किंवा केमिकल इंजिनिअरिंग करून पुढे एन्व्हायर्न्मेंटलला एमटेक. गेटमध्ये त्यासाठी 2021 पासून वेगळा पेपर आहे. संशोधनाची ओढ असेल तर नागपूरची नीरी आपल्याच राज्यात आहे.

आणि कोडिंग आवडत असेल तर? सेन्सरचा डेटा स्वच्छ करणारे लागतातच. फक्त माझी चूक करू नका. अशाच एका कामात मी रात्रीचे अचानक उंच गेलेले आकडे ‘सेन्सरचा दोष’ समजून स्क्रिप्टने उडवले होते. लॅबमधल्या केमिस्ट ताईंनी विचारलं, “रात्री पाणी कोण सोडतं ते बघितलंस का?” आकडे खरे होते.

तास संपल्यावर त्या मुलीने मीटर मागून घेतला. बाबांच्या डब्यातली पाण्याची बाटली तपासायची होती तिला. मीठ आणि साखर दोन्ही घरी आहेत, असंही म्हणाली.