लाखेचा जोड

आमच्या कणकवली तालुक्यातल्या एका गावच्या देवळातली तलवार दुरुस्तीला माझ्याकडे आली. दसऱ्याला तरंगं, म्हणजे देवांचे सजवलेले खांब, निघतात तेव्हा ती देवापुढे चालते. पातं मुठीत खुळखुळत होतं, म्यान कुजलेलं, मुठीच्या परजेवर कुणीतरी मारलेले वेल्डिंगचे टाके. मानकरी म्हणाले, "मेस्त्रीनू, दसऱ्याक तलवार चकचकीत दिसाक व्हयी." मी म्हटलं, "गावकारांनू, चकचकीत नको, घट्ट व्हयी."

ती फिरंग आहे. पातं लांब, सरळ आणि पातळ, त्यावर वजन कमी करणारी पन्हळ. मुठीकडून दोन लोखंडी पट्ट्या पात्यावर वीतभर चढवून रिवेटनं जखडलेल्या, कारण एवढं पातळ पातं घाव बसला की मुठीपाशी वाकतं. मुठीच्या मागे बोटभर जाडीचा दांडा, दुसरा हात लावून वार करता यावा म्हणून. पन्हळीजवळ दोन दातेरी चंद्रकोरी उमटवलेल्या आहेत. ही खूण मुळात इटलीतल्या पात्यांची. पण तिला बाजारात एवढा मान होता की आपल्याकडचे लोहारही ती आपल्या पात्यांवर उठवत. त्यामुळे नुसती खूण बघून पातं परदेशी ठरत नाही.

सोळाव्या-सतराव्या शतकात युरोपातली पाती जहाजांनी आपल्या किनाऱ्यावर उतरत. गोव्यात पोर्तुगीज होतेच, वेंगुर्ल्यात डचांची वखार होती. इथल्या कारागिरांनी त्या पात्यांना आपल्या हाताला बसणाऱ्या मुठी घातल्या. लंडनच्या राजसंग्रहात असलेली, शिवछत्रपतींची 'जगदंबा' म्हणून ओळखली जाणारी तलवार याच घडणीची आहे: पातं युरोपी, मूठ इथली. १८७५-७६ च्या दौऱ्यात ती प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून मिळाली. इकडे बाहेरचं पोलाद घेतलं जात होतं, तसं आपलंही बाहेर जात होतं. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी आपल्याकडच्या मुशीतल्या पोलादाचे नमुने लंडनला पाठवले, आणि पुढे मायकेल फॅरेडेसारखा शास्त्रज्ञ त्या पोलादाचं कोडं सोडवत बसला.

मग तलवारी घडवण्याच्या धंद्याला उतरती कळा लागली. १८४४ मध्ये कोल्हापूर आणि सावंतवाडी संस्थानांत गडकऱ्यांनी उठाव केला, मनोहरगडापर्यंत लढाई पेटली, आणि उठाव मोडल्यावर इंग्रजांनी प्रजेच्या हातातल्या हत्यारांकडे संशयानं बघायला सुरुवात केली. १८५७ नंतर तर ठिकठिकाणी शस्त्रं काढून घेतली गेली, आणि १८७८ च्या हत्यार कायद्यानं त्यावर शिक्का बसला. तलवार घडवणाऱ्या हातांना गिऱ्हाईक उरलं नाही. शिकलगार कात्र्या-सुऱ्यांना धार लावत फिरू लागले. आम्ही मेस्त्री नांगराचे फाळ, कोयते आणि आडाळे करू लागलो. देवापुढच्या तलवारी मात्र राहिल्या, आणि त्यांच्यासोबत त्या दुरुस्त करण्याची विद्या थोडीफार राहिली. मला ती वडिलांकडून मिळाली.

आपल्या तलवारीचं पातं मुठीत आरपार जात नाही. त्याचं आखूड टोक पोकळ मुठीत बसतं आणि लाखेनं धरलं जातं. लाख साधारण पंचाहत्तर-ऐंशी अंशाला मऊ होते. म्हणून मूठ उकळत्या पाण्यात धरली आणि थोडा धीर धरला की पातं हातात येतं. पोलादाचं पाणी उतरायला दोनशे अंशांच्या आसपास तरी उष्णता लागते, त्यामुळे पात्याला इजा होत नाही. या तलवारीतून काळपट तपकिरी खडे निघाले. जुनी लाख वाळून ठिसूळ झाली होती, म्हणूनच मूठ हलत होती. मी ती कुटून नव्या लाखेत मिसळली, त्यात राळ आणि विटेची वस्त्रगाळ पूड घातली. लाख थंड होताना आकसते, विटेची पूड तो आकस कमी करते. या मिश्रणाची पूड मुठीत भरली, पात्यावर ओलं फडकं गुंडाळलं, फक्त टोक तापवून दाबलं आणि पातं मुठीशी सरळ येईपर्यंत डोळ्यासमोर धरलं. हा क्षण थोडा असतो. लाख धरली की मग हलवता येत नाही.

गंजाचं काम सावकाशीचं. तांबडा गंज पोलाद खातो, तो काढायचा. खाली बसलेला काळा थर पात्याला राखतो, तो ठेवायचा. तिळाच्या तेलाची फडकी बांधून ठेवली आणि पितळी पट्टीनं खरवडलं, कारण पितळ पोलादापेक्षा मऊ, ओरखडा उठत नाही. ग्राइंडर लावला असता तर त्या चंद्रकोरी तासाभरात गेल्या असत्या. आमसुलाचं पाणी म्यानाच्या पितळी टोपणांना, पात्याला नाही. शेवटी मधमाशीचं मेण, पातळ. खोबरेल नको, ते खवट झालं की त्यातलं आम्ल लोखंडाला लागतं.

म्यान शिवणीच्या लाकडाचं केलं. ते हलकं असतं आणि वाकत नाही. दोन फळ्या आतून कोरून सरसानं जोडल्या, वर कातडं चढवलं. सरसही गरम पाण्यानं सुटतो.

अशी सुटणारी जोडणी फक्त आपल्याकडचीच नाही. फिलिपीन्सच्या दक्षिणेतल्या मोरो लोकांच्या क्रिस तलवारीही मुठीत राळेनं बसवलेल्या असतात. इतक्या लांबच्या दोन किनाऱ्यांवरच्या कारागिरांना एकच गोष्ट कळली होती: दुरुस्ती अशी करावी की पुढच्याला ती सोडवता आली पाहिजे. माझ्या आधी कुणी लाख भरली म्हणून मला पातं काढता आलं. वेल्डिंगचा टाका मात्र मला सोडवता आला नाही. परजेचं लोखंड तिथे वितळून एक झालं होतं, ते कापण्यापेक्षा तसंच ठेवलं.

म्हणून देवस्थान समित्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू ठरते. तिला वेल्डिंग, ग्राइंडर, क्रोमचा मुलामा लावू नका. मिरगापासून दिवाळीपर्यंत तिला म्यानात कोंडू नका. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्यानात शिरलेला दमटपणा बाहेर येत नाही. आणि काम कुणी, कशानं केलं ते देवस्थानच्या वहीत लिहून ठेवा. मी माझ्या मिश्रणाची मापं त्या गावच्या वहीत लिहून दिली आहेत. पुढच्या मेस्त्रीला तलवार उघडताना ती लागतील.